विश्लेषण : मोबाइल महागडा, तरी फोटो फसतो कुठे? मढीच्या यात्रेपासून घरच्या ओसरीपर्यंत चौकटीचे साधे गणित

होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत पाथर्डी तालुक्यातल्या मढी गडावर कानिफनाथांची यात्रा भरते. रंगपंचमी हा त्यातला मुख्य दिवस. तिसगाव परिसरातले रस्ते त्या दिवशी माणसांनी फुलून जातात. उंच काठ्यांची निशाणे गडाच्या पायऱ्यांकडे सरकत असतात आणि प्रत्येक निशाणासमोर डझनभर मोबाइल उंचावलेले असतात. संध्याकाळी हे फोटो गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन पडतात. बहुतेक फोटो सारखेच असतात. अर्ध्या चौकटीत पांढरेफटक आकाश, कोपऱ्यात कुणाचे तरी अर्धे डोके, मधोमध विजेचा खांब आणि ज्याच्यासाठी मोबाइल उंचावला, ते निशाणच वरून कापलेले.

यात मोबाइलचा दोष फारसा नसतो. आजचा साधा मोबाइलही प्रकाश मोजतो, चेहरा ओळखून फोकस लावतो, एका क्लिकमध्ये अनेक फोटो घेऊन ते एकत्र करतो. एकेकाळी जे शिकायला महिने जात, ते काम यंत्राकडे गेले आहे. दोन गोष्टी मात्र यंत्राला अजून ठरवता येत नाहीत. उभे कुठे राहायचे आणि चौकटीबाहेर काय ठेवायचे? या दोन निर्णयांनाच छायाचित्रणात कंपोझिशन म्हणतात. नवा हौशी छायाचित्रकार नेमका यांच्यावरच सर्वांत कमी वेळ घालवतो आणि नव्या मोबाइलच्या हप्त्यावर सर्वांत जास्त पैसे. हे गणित उलटे करायला हवे.

कंपोझिशन म्हणजे नेमके काय?

कंपोझिशन म्हणजे चौकटीतली मांडणी. ती सुरू होते एका प्रश्नापासून : हा फोटो कशाचा आहे? उत्तर एका साध्या वाक्यात आले पाहिजे. ‘आठवडे बाजार’ हे उत्तर पुरेसे नाही. ‘मावशी वांगी तोलताहेत’ हे पुरेसे आहे. कारण आता तराजू, हात आणि चेहरा चौकटीत हवेत, हे कळते. मागची दुचाकी नको, हेही कळते. उत्तरात दोनदा ‘आणि’ आले, तर समजावे की हा एक फोटो नाही, तीन आहेत. ते वेगवेगळे काढावेत.

डोळा आणि कॅमेरा यांच्यातला फरक इथेच येतो. बाजारात उभ्या माणसाचा डोळा हव्या त्या गोष्टीवर टिकतो आणि बाकीचे आपोआप विसरतो. कॅमेरा काहीच विसरत नाही. वांगी, दुचाकी, प्लास्टिकची पिशवी आणि मागचा फ्लेक्स यांना तो सारखाच मान देतो. विसरण्याचे काम फोटो काढणाऱ्यालाच करावे लागते.

‘रूल ऑफ थर्ड्स’ आला कुठून? तो पाळायचाच का?

नवशिक्याला पहिला सल्ला मिळतो तो तृतीयांशाच्या नियमाचा. चौकटीवर दोन उभ्या आणि दोन आडव्या रेषा मारून नऊ समान भाग करायचे आणि महत्त्वाची गोष्ट मधोमध न ठेवता या रेषांवर किंवा त्यांच्या छेदबिंदूंवर ठेवायची. मोबाइलच्या कॅमेरा सेटिंगमध्ये ‘ग्रिड’ सुरू केले, की या रेषा पडद्यावर दिसतात.

हा नियम कॅमेऱ्याहून जुना आहे. जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७मध्ये ‘रिमार्क्स ऑन रूरल सीनरी’ या पुस्तकात निसर्गचित्रांबद्दल लिहिताना तो याच नावाने मांडला. छायाचित्रणाचा शोध जगासमोर जाहीर झाला तो १८३९मध्ये. म्हणजे हा नियम मुळात चित्रकारांना दिलेला सल्ला आहे. आकाश आणि जमीन यांना अर्धे-अर्धे वाटून देऊ नका, कोणाला तरी जास्त द्या, असे त्याचे साधे सार.

त्या अर्थाने तो आजही उपयोगी आहे. जूनमध्ये करंजी घाटावर ढग दाटून येतात, तेव्हा आकाशाला दोन भाग द्यावेत आणि जमिनीला एक. मार्चच्या दुपारी आकाश रिकामे, पांढरे असते. तेव्हा त्याला एकच भाग द्यावा किंवा सरळ चौकटीबाहेर काढावे. माणूस डावीकडे पाहत असेल, तर त्याला उजव्या रेषेवर ठेवावे. म्हणजे त्याच्या नजरेसमोर मोकळी जागा उरते.

मात्र नियम यंत्रासारखा चालवला, तर फोटोही यंत्रासारखे येतात. देवळाचा गाभारा, समोरून पाहणारा चेहरा, दोन्ही बाजूंनी सारखा असलेला दरवाजा या गोष्टी मधोमधच शोभतात. तिथे तृतीयांशाचा हट्ट धरला, तर फोटो नुसताच तिरका वाटतो. ग्रिडचा खरा उपयोग वेगळाच आहे. क्षितिज, भिंत, खांब सरळ आहेत की कलले आहेत, हे त्या रेषांवरून लगेच कळते.

झूम वापरावा की पाय?

शक्य असेल तिथे पाय. समजा, मोबाइलचा फोटो १२ मेगापिक्सेलचा आहे. त्यावर चार पट डिजिटल झूम केला, तर मोबाइल चौकटीचा लांबीत एक चतुर्थांश आणि रुंदीत एक चतुर्थांश भाग कापून तोच ताणून दाखवतो. हाती उरतो सोळावा हिस्सा, म्हणजे पाऊण मेगापिक्सेल. बाकीचे चित्र सॉफ्टवेअर अंदाजाने भरते. मोबाइलला झूमची वेगळी लेन्स असेल, तर तिच्या मर्यादेपर्यंत हे नुकसान होत नाही. त्यापुढे मात्र प्रत्येक चिमटीत फोटो विरत जातो.

जवळ जाण्याचीही एक मर्यादा आहे. मोबाइलची मुख्य लेन्स रुंद कोनाची असते. हातभर अंतरावरून चेहरा टिपला, की नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. त्याचे कारण अंतरात आहे. नाक कॅमेऱ्याला कानांपेक्षा बरेच जवळ असते आणि कमी अंतरावर हा फरक ठळक होतो. दीड-दोन मीटर मागे जाऊन दोन पट झूमवर फोटो घेतला, की चेहरा ओळखीचा वाटतो. लग्नातल्या गटफोटोत कडेला उभी असलेली मावशी फुगलेली दिसते, ते रुंद लेन्सच्या कडांवर चित्र ताणले जाते म्हणून. तिथेही दोन पावले मागे जावे आणि दोन्ही कडांना थोडी जागा सोडावी. गुडघ्यावर, मनगटावर किंवा घोट्यावर चौकट कापू नये. अवयव तुटल्यासारखा दिसतो. कापायचेच तर दोन सांध्यांच्या मध्ये कापावे.

फोटो आडवा की उभा, हा निर्णयही आधीच घ्यावा. मोबाइलचा ४:३ आकाराचा आडवा फोटो स्टेटससाठी ९:१६ असा उभा कापला, तर मूळ फोटोचा सुमारे ४२ टक्के भागच उरतो. निम्म्याहून अधिक मांडणी तिथे वाया जाते.

चांगल्या फोटोत खांब कुठून येतो?

मागून. नवशिक्याचे लक्ष समोरच्या माणसावर असते, म्हणून डोक्यातून उगवलेला खांब त्याला घरी गेल्यावर दिसतो. उपाय दोन सेकंदांचा आहे. बटण दाबण्याआधी चौकटीच्या चारही कोपऱ्यांवरून एकदा नजर फिरवावी. नको ते दिसले, तर अर्धे पाऊल डावीकडे किंवा उजवीकडे सरकावे. खांब जागेवरच राहतो, पण डोक्यामागून निघून जातो.

दुसरा उपाय उंचीचा. मढीच्या यात्रेतला गाढवांचा बाजार हा हौशी छायाचित्रकारांचा आवडता विषय. उभ्याने फोटो काढला, की करडे गाढव आणि करडी माती एकमेकांत मिसळतात. शेजारच्या जनावरांचे पाय, दोऱ्या, चपला असे सगळे एकाच पातळीवर गोळा होते. तोच फोटो खाली बसून घेतला, की जनावराचे डोके आणि कान आकाशावर उमटतात. विषय एकदम सुटा होतो. यासाठी मोबाइल बदलावा लागत नाही, गुडघे वाकवावे लागतात.

रेषा आणि चौकटी शोधायच्या कुठे?

अहिल्यानगरहून तिसगावकडे येणाऱ्या रस्त्यावरच या दोन्हींचे चांगले धडे आहेत. शहराच्या पूर्वेला शहा डोंगरावर सलाबतखानाची कबर आहे. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात, पण ती वास्तू मूर्तझा निजामशहाचा मंत्री सलाबतखान दुसरा याची, सोळाव्या शतकातली. ती अष्टकोनी आहे. एका भिंतीच्या बरोबर समोर उभे राहिले, तर इमारत पुठ्ठ्यासारखी सपाट दिसते. थोडे कोनाकडे सरकले, की दोन भिंती दिसू लागतात. एकीवर ऊन, दुसरीवर सावली येते आणि दगडाला वजन येते. आत जाऊन कमानीतून बाहेर पाहिले, की कमानच चौकट होते आणि तिच्यात खालचा मुलूख बसतो. अशा वेळी पडद्यावर बाहेरच्या उजेडावर बोट ठेवावे. कमान काळी पडते आणि दृश्य उठून दिसते.

पुढे करंजी घाट लागतो. वळणदार रस्ता नजरेला चौकटीत आत खेचून नेतो. मात्र रेषेच्या शेवटी काहीतरी भेटले पाहिजे. रिकाम्या वळणाचा फोटो आणि त्याच वळणावर एसटी पोचल्यानंतरचा फोटो यांत फरक आहे तो दोन मिनिटे थांबण्याचा. अर्थात हा वाहता महामार्ग आहे. फोटोसाठी रस्त्यावर उतरू नये, कडेची सुरक्षित जागा बघावी. शाळूच्या शेतातल्या ओळी, गडाच्या पायऱ्या, ओसरीचे खांब यांतही अशाच रेषा असतात आणि त्यांना वाहतुकीचा धोका नसतो.

दुपारी काढलेले चेहरे काळे का पडतात?

ऊन डोक्यावर असते, तेव्हा भुवयांची सावली डोळ्यांवर पडते. यात्रेतले निम्मे फोटो इथेच बिघडतात. माणसाला दुकानाच्या छपराखाली, झाडाच्या सावलीच्या कडेला किंवा ओसरीच्या दाराशी उभे करावे. चेहरा उजेडाकडे असावा. दारातून येणारा बाजूचा उजेड चेहऱ्याला खोली देतो. स्टुडिओतले छायाचित्रकार छत्र्या आणि दिवे लावून हाच परिणाम साधतात.

गुलाल आणि धूळ यांचे गणित उलटे आहे. सूर्य उधळलेल्या गुलालाच्या मागे असेल, तर रंग पेटल्यासारखा दिसतो. सूर्य छायाचित्रकाराच्या पाठीशी असेल, तर तोच गुलाल सपाट गुलाबी धूर होतो. दोन्हीकडून एकेक फोटो काढून बघितले, तरी हा धडा कायमचा लक्षात राहतो.

माणूस चौकटीत लहान होतो तो कसा?

कंपोझिशनचे सर्वांत गंभीर प्रकरण हेच आहे आणि नवशिक्यांना ते क्वचितच सांगितले जाते. मढीला ‘भटक्यांची पंढरी’ म्हणतात. अनेक भटक्या-विमुक्त जमाती इथे पिढ्यान्‌पिढ्या येतात. पाथर्डी तालुका ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचाही तालुका आहे. हंगामाच्या तोंडावर संसार लादलेली वाहने रस्त्याला लागतात. या दोन्ही ठिकाणी मोबाइल आपसूक उंचावतो. प्रश्न आहे तो कोणत्या उंचीवरून.

जमिनीवर बसलेल्या बाईचा फोटो उभ्याने, वरून काढला, की ती चौकटीत लहान होते आणि मागे नुसती माती राहते. तिच्या समोर बसून, तिच्या डोळ्यांच्या पातळीवरून काढला, की ती कोणीतरी होते. तिच्या मागे तिचे बिऱ्हाड, तिची माणसे, तिचे जग येते. विषय तोच, प्रकाश तोच, फक्त कॅमेरा दोन फूट खाली आला. समोर बसायचे म्हणजे आधी दोन शब्द बोलावे लागतात, विचारावे लागते. म्हणून ही उंची परवानगीचीही आहे. ‘नको’ म्हटले, तर मोबाइल खिशात ठेवावा. मुलांच्या बाबतीत तर घरच्या मोठ्यांना विचारल्याशिवाय फोटो काढूच नये.

मांडणीने माणसाचे काय होऊ शकते, याचे उदाहरण मुंबईच्याच इतिहासात आहे. १८५४मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. त्या काळातल्या विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने १८६३ आणि १८६६मध्ये मुंबईतल्या निरनिराळ्या समाजांच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले. त्यांतल्या अनेक चित्रांत माणसांचे फोटो वेगळे काढून, कापून, दुसऱ्याच ठिकाणच्या दृश्यावर बसवले होते. माणूस त्याच्या जागेवरून उचलला गेला आणि ‘नमुना’ झाला. पुढे ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या समाजांवर शिक्काच मारला. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडले. माणसाला नमुन्यासारखे पाहण्याची नजर मात्र कायद्याबरोबर रद्द होत नाही. रंगीत पागोटे आणि सुरकुतलेला चेहरा एवढेच हेरून ‘झूम’ करणारा आजचा मोबाइलही नकळत तेच करत असतो.

दुसरी वाटही महाराष्ट्रातच आहे. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जगणे वर्षानुवर्षे त्यांच्यात मिसळून टिपले. २०१६मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या छायाचित्रांतली माणसे दयेचा विषय वाटत नाहीत, कारण कॅमेरा त्यांच्याजवळ, त्यांच्या कामाच्या जागी उभा आहे.

खांब नंतर ‘एआय’ने पुसला, तर काय बिघडले?

आता अनेक मोबाइलमध्ये नको ती वस्तू बोटाने पुसण्याची सोय आहे. मग अर्धे पाऊल सरकायचे कशाला, असा प्रश्न रास्त आहे. घरात टांगायच्या फोटोतला चिप्सचा कागद पुसला, तर कुणाचे काही बिघडत नाही. पण यात्रेचा, बाजाराचा, अपघाताचा किंवा आंदोलनाचा फोटो हा पुरावा असतो. त्यातला माणूस किंवा खांब पुसला, की फोटो खोटा होतो. शिवाय पुसलेल्या जागी यंत्र जे भरते, ते तिथे कधीच नव्हते. सरकून टाळलेला खांब मात्र फोटोबाहेर, स्वतःच्या जागी शाबूत राहतो.

आणखी एक बाब आहे. आज जो पसारा वाटतो, तो तीस वर्षांनी माहिती ठरतो. जुना फोटो हाती आला, की लोक चेहऱ्यानंतर मागची पाटी वाचतात, गाडी ओळखतात, भिंतीचा रंग आठवतात. मग पार्श्वभूमी ठेवायची की काढायची? सोपे उत्तर म्हणजे एकाच प्रसंगाचे तीन फोटो काढावेत. लांबून एक, ज्यात जागा दिसते. मधल्या अंतरावरून एक, ज्यात माणूस आणि त्याचे काम दिसते. जवळून एक, ज्यात हात किंवा चेहरा दिसतो. वृत्तछायाचित्रकारांची ही जुनी सवय आहे आणि घरच्या कार्यक्रमातही ती तितकीच कामाला येते.

सुरुवात कशी करावी?

महिनाभर नवे काही विकत घेऊ नये. पहिल्या आठवड्यात ग्रिड सुरू करून फक्त क्षितिज सरळ ठेवण्याचा सराव करावा. दुसऱ्या आठवड्यात एकाच वस्तूचे, समजा अंगणातल्या तुळशीवृंदावनाचे, उभ्याने, बसून आणि जमिनीलगत असे तीन उंचींवरून फोटो घ्यावेत. तिसऱ्या आठवड्यात झूमला हात न लावता लांब, मध्यम आणि जवळ असे तीन अंतरांचे फोटो काढावेत. चौथ्या आठवड्यात तीच जागा सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी टिपावी. रोज रात्री फोटो चाळून एकच ठेवावा आणि तोच का ठेवला, हे एका वाक्यात लिहावे. चांगला फोटो काढण्याइतकेच वाईट फोटो पुसणेही शिकावे लागते.

विषयासाठी लांब जायची गरज नाही. इंद्रजित खांबे कणकवलीत राहून दशावतार टिपत राहिले, कोल्हापूरच्या तालमींत शिरले आणि मोबाइलवर काढलेल्या फोटोंसाठीही ओळखले जाऊ लागले. मढीची यात्रा, शाळूची काढणी, ऊसतोडीला निघालेली वाहने हे विषय तिसगावच्या दारात आहेत. बाहेरून येणारा छायाचित्रकार रंगपंचमीच्या एका दिवसापुरता येतो. इथला माणूस वर्षभर इथेच असतो. गाढवांचा बाजार पुढे कसा दिसत होता, हे उद्याच्या पिढीला कळायचे असेल, तर ते बहुधा गावातल्याच कुणाच्या तरी मोबाइलमधून कळेल.

त्यासाठी पुढच्या रंगपंचमीला एवढेच करावे. गर्दी वाढण्याआधी गडावर पोचावे. सूर्य कुठे आहे ते पाहावे. पायऱ्यांच्या कडेला अशी जागा निवडावी, जिथून काठी तळापासून शेंड्यावरच्या निशाणापर्यंत चौकटीत बसेल. आणि ती समोर येईपर्यंत मोबाइल खालीच ठेवावा.